कानाची कचेरी

मिरजेत तंतुवाद्ये घडविणाऱ्यांची जी जुनी गल्ली आहे, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका दुमजली घराच्या माडीवर आमच्या बुवांची बैठक भरते. बुवा आज ७४ वर्षांचे आहेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांनी गाणे शिकविले, आणि ज्याची सारी हयात मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात गेली व ज्याला सुराची ओढ निवृत्तीनंतर लागली, अशा माझ्यासारख्या उशिरा आलेल्या शिष्यालाही त्यांनी कधी दाराबाहेर उभे केले नाही. शेजारी राहणारे माधवराव महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितात. ते गात नाहीत. परंतु ध्वनिशास्त्र हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे दिवेलागणीच्या सुमारास ते वर येतात, आणि मग गाणे बाजूला राहून गाण्याच्या मुळाशी जो कान आहे त्याविषयी दोघांचा जो वाद रंगतो, तो ऐकणे ही माझी सायंकाळची शिदोरी होऊन बसली आहे.

गेल्या पावसाळ्यातील अशाच एका संध्याकाळी बुवा नेहमीपेक्षा गप्प होते. आदल्या रविवारी त्यांच्या घरचे बारसे एका कार्यालयात झाले होते. खाली गुळगुळीत फरशी, वर पत्र्याचे छप्पर, दीडशे-दोनशे माणसे, वाढप्यांच्या हातांतील भांड्यांचा खणखणाट आणि कोपऱ्यात गर्जणारा ध्वनिक्षेपक, अशा त्या कल्लोळात जेवणे आटोपल्यावर कोणा आप्ताने मागच्या बाजूने वाकून बुवांना विचारले, ‘पान घेणार का?’ त्यावर बुवा उत्तरले, ‘इथे नको; एवढ्या गोंगाटात तान कोण ऐकणार?’ भोवतालची मंडळी हसली, आणि त्यांतील एकजण म्हणाला, ‘बुवांचे हल्ली लक्ष नसते.’ हसण्याचे बुवांना काही वाटले नाही. परंतु लक्ष नसते हा शेरा त्यांच्या जिव्हारी लागला. त्या संध्याकाळी जे संभाषण झाले, ते मी घरी येताच टिपून ठेवले. तेच येथे देत आहे.

बुवा : माधवराव, मुलांना मी आजवर एकच गोष्ट सांगत आलो, की कान हा नुसता दरवाजा आहे, ऐकणारा आत बसलेला असतो. तो जागा असेल तर चार तंबोऱ्यांतून एकाची किंचित उतरलेली तार त्याला टोचते, आणि तो निजला असेल तर त्याच्या उशाशी नगारा वाजविला तरी व्यर्थ. हाच न्याय स्वतःला लावायचा तर रविवारच्या प्रसंगाचा अर्थ उघड आहे. आतला ऐकणारा डुलक्या घेऊ लागला. लोक म्हणाले ते खरेच म्हणाले.

माधवराव : बुवा, मला हे मान्य नाही. लक्ष ही पुष्कळ पुढची पायरी आहे. ज्यावर लक्ष द्यावयाचे ती वस्तू आधी तयार व्हावी लागते, आणि ती आपल्या इच्छेची किंवा अवधानाची वाट न पाहता तयार होते. ह्या क्षणी आपल्याला काय काय ऐकू येते, एवढे मला सांगा.

बुवा : पत्र्यावर पाऊस पडतो आहे. खाली सूनबाई भांडी लावीत आहेत. दूर जंक्शनवर एंजिनाची शिटी झाली. आणि तुमचा आवाज.

माधवराव : आपण चार वस्तू मोजल्यात, परंतु हवेत चार वस्तू नाहीत. हवेत एकच थरथर आहे. पाऊस, भांडी, शिटी आणि माझे बोलणे ह्या सर्वांचे धक्के वाटेतच एकमेकांत मिसळतात, आणि आपल्या कानाच्या पडद्यापाशी त्या सर्वांची फक्त बेरीज पोचते. माँट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० साली ह्या विषयावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी एक दृष्टांत दिला आहे. मोठ्या सरोवराच्या काठी दोन अरुंद चर खणावेत, सरोवराचे पाणी त्यांत येऊ द्यावे, आणि प्रत्येक चराच्या मध्यावर एकेक हातरुमाल ताणून बांधावा. आता सरोवराकडे दृष्टीही न टाकता, केवळ त्या दोन रुमालांच्या हालचालीवरून सांगावयाचे, की पाण्यात होड्या किती आहेत, त्यांतील जवळची कोणती, वारा सुटला आहे काय, आणि कोणी पाण्यात एकाएकी धोंडा टाकला काय. चर म्हणजे आपल्या कानांच्या नळ्या आणि रुमाल म्हणजे त्यांचे पडदे. जे ऐकताना अशक्य वाटते, ते आपण जन्मभर दर क्षणाला करीत असतो.

बुवा : परंतु तुम्हीच मागे म्हणाला होता, की आतला कान ध्वनीचे पृथक्करण करतो. मग काम तेथेच उरकत नाही काय?

माधवराव : पृथक्करण होते, परंतु ते वेगळ्या पायावर. पडद्यामागे, हाडाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेटोळ्यांची एक नळी आहे. ती उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात जे पातळ पटल आहे, त्याचे दाराकडील टोक उंच स्वरांनी थरारते आणि आतले टोक खर्जाने. हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली, आणि त्या पटलावरून लाट प्रत्यक्षात कशी धावते हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले, त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या पटलावर, आतल्या ओळीत, सुमारे ३५०० रोमपेशी बसलेल्या आहेत, आणि त्या आपापल्या ठिकाणच्या थरथरीची वर्दी मेंदूला देतात. मात्र कान तुकडे करतो ते स्वराच्या उंचीप्रमाणे. मालक कोण, हे त्याला ठाऊक नसते. तंबोऱ्याचा एक तुकडा आणि माझ्या आवाजाचा एक तुकडा सारख्या उंचीचे असले, तर ते शेजारी शेजारी एकाच खणात पडतात.

हे ऐकताना मला आमच्या कचेरीतील बारनिशीचे टेबल आठवले, आणि न राहवून मी मध्येच बोललो. ‘म्हणजे असे की,’ मी म्हणालो, ‘शंभर अर्जदारांचे अर्ज फाडून टाकले, त्यांचे कपटे अक्षराच्या लहानमोठेपणाप्रमाणे खणांत भरले, आणि मग कारकुनाला हुकूम झाला, की मूळ अर्ज जसेच्या तसे जोडून हुजूर दाखल करा.’

माधवराव : नेमके असेच, आणि तेही पहिले कपटे जुळविण्याआधी दुसरे येऊन पडत असताना. आता तुमचा कारकून काय करील? शाई पाहील, कागदाचा पोत पाहील, हस्ताक्षर ताडून पाहील. मेंदूही तेच करतो, आणि त्याचे पुराव्याचे नियम ठरलेले आहेत. पहिला नियम असा, की जे तुकडे एकाच क्षणी सुरू झाले ते एकाच मालकाचे. दोन स्वरांच्या आरंभात सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याइतके अंतर पडले, तरी मेंदू त्यांना निराळे मानू लागतो. दुसरा नियम पटीचा. एका तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर एकदमच निघतात, आणि असे पटीत बसणारे सारे तुकडे मेंदू एका गाठोड्यात बांधून त्यांना एकच स्वर म्हणून आपल्यापुढे ठेवतो. त्यांतील एखादा उपस्वर आपल्या जागेवरून शेकडा दोन-तीन इतकाच सरकविला, की तो गाठोड्यातून निसटून वेगळा ऐकू येऊ लागतो. आपल्या तबल्याचे मर्म ह्यातच आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर पटीत नसतात, म्हणून ढोलाला घुमारा असला तरी निश्चित स्वर नसतो; पुडीवर शाई चढली म्हणजे ते उपस्वर पटीत येतात, आणि चाटीवर बोट पडताच एकसंध स्वर निघतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली हे जगापुढे मांडले.

बुवा : शाई भरणारा कारागीर थरावर थर देत बसतो आणि मधूनमधून बोट मारून ऐकतो; तो काय ऐकत असतो ते आज कळले. पण दिशेचे काय? आवाज उजवीकडून आला की डावीकडून, ह्यावरून निवाडा होत नाही काय?

माधवराव : होतो, तो तिसरा नियम. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या हिश्श्याइतका असतो, आणि त्यात एका सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतका बदल झाला तरी सराईत कानाला तो जाणवतो. लॉर्ड रेले यांनी १९०७ साली ह्या विषयाचा पाया घातला. तरीही हा पुरावा दुय्यमच म्हणावा लागेल. कारण जुन्या रेडिओच्या एकाच कर्ण्यातून गवई, तबला, पेटी आणि तंबोरे असे सगळे बाहेर पडत असता आपण त्यांना वेगवेगळे ओळखीत होतोच.

बुवा : मला आणखी एक सांगा. सतारीचा झाला द्रुत लयीत चालू असतो. वाजविणारा एक, वाद्य एक, आणि आघात एकामागून एक पडतात. एक बाजाच्या तारेवर, नि पुढचे चिकारीवर. तरीही मला दोन प्रवाह ऐकू येतात. वर चिकारीचा षड्ज अखंड झरत असतो, आणि खाली रागाची वाट शांतपणे चाललेली असते. हे माझ्या तालमीचे फळ नाही काय?

माधवराव : नाही बुवा, हे कोणालाही ऐकू येईल, आणि चौथा नियम तोच आहे. दोन स्वरांमधील उंचीचे अंतर जितके मोठे आणि लय जितकी द्रुत, तितकी त्यांची फारकत सहज होते. विलंबित लयीत तेच आघात एका ओळीत ऐकू येतात. लय वाढली, की ओळीच्या दोन ओळी होतात. मिलर आणि हाइस यांनी १९५० साली दोन आलटूनपालटून येणाऱ्या स्वरांवर हा प्रयोग केला, आणि पुढे अनेकांनी त्याच्या मर्यादा मोजून काढल्या. ही फारकत तालमीवर अवलंबून नाही ह्याचा दाखला हवा असेल, तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नवजात अर्भकांच्या मेंदूतील विद्युत्स्पंदने मोजली गेली, आणि त्यांचा मेंदूही स्वरांचे असे दोन प्रवाह करतो असे आढळून आले. माणसाचेही सोडा, स्टार्लिंग नावाचा जो पक्षी आपल्या साळुंकीच्या कुळातला आहे, त्याला दोन पक्ष्यांची गाणी एकत्र करून ऐकविली तर तोही त्यांतील आपल्याला शिकविलेले गाणे निवडून काढतो. तात्पर्य, हा कारखाना जन्मतःच चालू झालेला असतो. ज्याला आपण लक्ष म्हणता, तो तयार मालाच्या वखारीत येणारा गिऱ्हाईक आहे.

एवढे बोलून माधवराव थांबले. युक्तिवाद बिनतोड वाटत होता. परंतु बुवांच्या मुद्रेवर समाधान नव्हते; त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला, तो न उघडताच बाजूला ठेवला, आणि शांतपणे बोलू लागले.

बुवा : तुमचा कारखाना मला मान्य आहे. पण मग मला हे सांगा, की वीस मुले एका सुरात सरगम म्हणत असता तिसऱ्या ओळीतल्या मुलाचा धैवत उतरला हे मला का कळते, आणि त्याच खोलीत बसलेल्या त्याच्या वडिलांना का कळत नाही? खाली एवढी भांडी वाजत आहेत, तरी पाळण्यात बाळ कुरकुरले की घरात सर्वांच्या आधी सूनबाईंचे पाऊल उचलते. तिचे कान आमच्याहून निराळे घडविलेले नाहीत. नियम सर्वांना सारखे, तर फळ निराळे का?

माधवराव : ह्या बाजूचाही पुरावा मी दडवून ठेवणार नाही. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी माणसांच्या एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरे निवेदन सोडले, व एका कानातील मजकूर तोंडाने पाठोपाठ म्हणावयास सांगितले. दुसऱ्या कानातील निवेदन मध्येच इंग्रजीचे जर्मन झाले, तरी ते त्यांच्या ध्यानात आले नाही. मात्र पुरुषाच्या आवाजाच्या जागी स्त्रीचा आवाज आला, तर ते त्यांनी ओळखले. दारावरचा पहारेकरी आवाजाचा पोत तपासत होता, परंतु आतला मजकूर कोणी वाचला नाही. आणि १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी दाखविले, की ज्या कानाकडे लक्ष नाही त्यात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव उच्चारले, तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू जाते.

बुवा : म्हणजे जन्मभर कानावर पडलेला शब्द पहाऱ्यातूनही आत शिरतो. ह्यालाच मी संस्कार म्हणतो.

माधवराव : म्हणा. त्याहून स्पष्ट दाखला २०१२ सालचा आहे. शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर विद्युत्टोके बसविली होती, अशा रुग्णांना सॅन फ्रान्सिस्को येथे दोन माणसांचे बोलणे एकदम ऐकविण्यात आले. श्रवणाच्या त्या भागातील स्पंदनांवरून जे बोलणे पुन्हा उभे करता आले, ते रुग्ण ज्याच्याकडे लक्ष देत होता त्याचेच होते. दुसरा माणूस तितक्याच मोठ्याने बोलत होता, तरी तेथे त्याची नोंद जवळजवळ पुसली गेली होती. इतके मी मान्य करतो. तरीही जे कानाने वेगळे काढलेच नाही, ते लक्ष देऊन वेगळे होत नाही, ह्या मताला मी चिकटून आहे.

बुवांनी काही उत्तर दिले नाही. ते उठले, कोपऱ्यातल्या तंबोऱ्यावरची गवसणी काढली, खुंट्या पिळल्या, मणी सरकवून तारा जुळविल्या, आणि घोडीवर तारेखालचा दोरा नखाच्या टोकाने केसभर पुढे, केसभर मागे करीत जवारी उघडेपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही. मिरजेच्या ह्या तंबोऱ्याचा भोपळा मोठा आहे. त्याचा नाद प्रथम छातीला जाणवतो आणि मग कानाला. त्यांनी पंचम, दोन जोडाचे षड्ज आणि खर्ज अशा चारही तारा संथपणे चार-पाच वेळा छेडल्या.

बुवा : ह्यात काय काय ऐकू येते, माधवराव?

माधवराव : पंचम आणि षड्ज.

बुवा : गंधार?

माधवराव : गंधाराची तारच नाही. तो असतो हे मला गणिताने ठाऊक आहे. खर्जाची कंपने सेकंदाला ७० धरली, तर त्याचा चौथा उपस्वर २८० चा म्हणजे तार षड्ज, आणि पाचवा ३५० चा. ३५० ही २८० ची सव्वापट, आणि षड्जाची सव्वापट म्हणजेच शुद्ध गंधार. फळ्यावर हे मी अनेकदा मांडले आहे. परंतु खरे सांगावयाचे तर तो मला आजवर कधी ऐकू आलेला नाही.

बुवा : मग आता मी सांगतो तसे करा. डोळे मिटा. मी तो स्वर हलकेच गुणगुणतो. त्याला मनात धरून ठेवा, आणि मी थांबलो म्हणजे फक्त खर्जाकडे कान द्या.

बुवांनी तार गंधार इतक्या हळू आवाजात लावला, की पावसाच्या आवाजात तो विरून जाईल असे वाटले. मग ते थांबले आणि त्यांनी खर्जाची तार छेडली. एकदा, दोनदा. तिसऱ्या आघाताला माधवरावांच्या भुवया एकदम वर गेल्या. त्यांनी डोळे उघडून तंबोऱ्याकडे, मग बुवांच्या ओठांकडे पाहिले. बुवांचे ओठ मिटलेले होते.

माधवराव : आहे! वर तरंगतो आहे. जणू दुसरेच कोणी गात आहे.

बुवा : तो काही आता आला नाही. तुम्ही ह्या माडीवर दहा वर्षे येत आहात, तेव्हापासून तो येथेच आहे.

माधवराव काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बुवा, लाज वाटते. हेल्महोल्ट्झने त्याच ग्रंथात हीच युक्ती लिहून ठेवली आहे, की जो उपस्वर ऐकावयाचा तो आधी हलकेच स्वतंत्र वाजवावा आणि मग मूळ स्वरात त्याचा शोध घ्यावा. मी ते वाचले होते, पण करून पाहिले नव्हते. पटीचा नियम ह्या गंधाराला गाठोड्यात बांधून ठेवतो; आपण त्याची ओळख करून दिलीत, आणि माझ्या मेंदूने ती गाठ सोडली. ह्याला संस्कार म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?’

बुवा : मग माझे म्हणणे सिद्ध झाले. आतला ऐकणाराच खरा.

माधवराव : थांबा. ती गाठ सुटली कशामुळे, हेही पाहू. जवारीमुळे. साध्या घोडीवरच्या तारेचे उपस्वर एकत्र उठतात आणि जवळजवळ एकत्रच विझत जातात. येथे रुंद, किंचित उतरत्या घोडीवर तार दोऱ्याच्या आधाराने घासत थरथरते, त्यामुळे प्रत्येक उपस्वर आपापल्या वेळी फुलतो आणि आपापल्या वेळी उतरतो. तंबोऱ्याच्या ह्या विलक्षणपणाकडे रामन यांनी १९२१ साली शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. गंधार स्वतंत्रपणे फुलला, म्हणून मेंदूला त्याच्या वेगळेपणाचा पुरावा मिळाला. तोच दोरा काढून घ्या आणि मग मला ऐकवा.

बुवांनी दोरा काढला. आवाज एकदम कोरडा, बंद झाला. त्यांनी पुन्हा गंधार गुणगुणला, पुन्हा खर्ज छेडला. माधवरावांनी मान हलविली. काही केल्या त्यांना तो सापडेना. बुवांनी स्वतः कान लावला.

बुवा : मलाही पुसट लागतो. आहे असे म्हणेन, पण शपथ घेणार नाही.

माधवराव : आपले पन्नास वर्षांचे लक्ष आणि आपला संस्कार जसाच्या तसा आहे. पुरावा मात्र दुबळा झाला. बुवा, आता रविवारकडे वळू या. ‘पान’ आणि ‘तान’ ह्या दोन शब्दांत फरक फक्त आरंभीच्या व्यंजनाचा आहे. ‘आन’ हा भाग दोहोंत समान, आणि आवाजाचे सारे बळ त्या स्वरातच असते. ‘प’ आणि ‘त’ ह्यांतील भेद सेकंदाच्या अगदी अल्प भागात, दुबळ्या आणि बऱ्याच अंशी उंच कंपनांत सांगितला जातो. वय वाढते तशा नळीच्या दाराजवळच्या, म्हणजे उंच स्वरांच्या रोमपेशी प्रथम झिजतात. त्यांच्याबरोबर खणांच्या भिंतीही झिरपू लागतात, आणि शेजारच्या खणातले कपटे एकमेकांत सांडतात. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द फुटत नाही. शांत खोलीत, समोरासमोर, तो सर्व काही ऐकतो. कल्लोळात त्याची ऐपत एकाएकी संपते. त्यात त्या कार्यालयाची फरशी आणि पत्रा प्रत्येक शब्दाचे प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर टाकीत होते, आणि विचारणारा आपल्या मागे उभा होता. त्याचे ओठ आपल्याला दिसले असते, तर ‘प’ साठी ते मिटलेले आपण पाहिले असते. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसल्याने बोलणे किती अधिक समजते, हे समबी आणि पोलॅक यांनी १९५४ सालीच मोजून दाखविले आहे.

बुवा : पण मी ‘तान’ ऐकले हो. संशयाने नाही, स्वच्छ ऐकले.

माधवराव : तेच तर सांगतो. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी एका ध्वनिमुद्रित वाक्यातील एक वर्ण काढून त्याच्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्या जवळजवळ सर्वांनी सांगितले, की वाक्यात काहीही गाळलेले नाही. खोकला नेमका कोठे आला हेही त्यांना सांगता येईना. जो वर्ण नव्हता, तो त्यांच्या मेंदूने स्वतः भरला आणि स्वच्छ ऐकविला. आपल्या हाती फाटका कागद आला, त्यावरचे पहिले अक्षर गेलेले होते. आतला ऐकणारा निजला असता, तर त्याने तो कागद तसाच टाकून दिला असता. त्याने तो उचलला, वाचला, आणि रिकाम्या जागी जे अक्षर भरले ते आपल्या आयुष्यातून आणले. दुसरा कोणी असता तर त्याने दुसरे अक्षर भरले असते. ‘तान’ हे उत्तर लक्ष उडाल्याची खूण नव्हे, बुवा. पन्नास वर्षे ज्या लक्षाने गाणे ऐकले, त्या लक्षाची ती सही आहे.

बुवा बराच वेळ तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवून बसून राहिले. पाऊस कमी झाला होता. शेवटी ते एवढेच म्हणाले, ‘म्हणजे ऐकणारा जागा आहे. त्याला कागद नीट पोचवायला हवेत.’ मग त्यांनी दोरा पुन्हा घोडीवर सरकविला, आणि जवारी उघडल्याबरोबर गंधार परत आला. ह्या खेपेस तो मलाही ऐकू आला.

दोघांचा वाद त्या रात्री मिटला असे मी म्हणणार नाही; माधवराव अजून नियमांच्या बाजूने बोलतात आणि बुवा संस्काराच्या. परंतु कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट पटली, की ऐकणे हा निवाडा आहे, आणि कोणताही निवाडा पुराव्यावाचून होत नाही, तसाच न्यायाधीशावाचूनही होत नाही. नळीतल्या रोमपेशी, पटीचे आणि वेळेचे नियम हे पुरावा गोळा करतात. ओळख, सवय आणि प्रेम त्या पुराव्याचा अर्थ लावतात. पुरावा फाटका असेल तर न्यायाधीशाला दोष देणे हा अन्याय आहे, आणि आपल्या घराघरांतून हा अन्याय रोज होतो. वडील किंवा आजी चारचौघांत गप्प बसू लागतात, विचारले त्याला भलतेच उत्तर देतात, लग्नाकार्याला जाण्याचे टाळतात, आणि आपण त्यांना हट्टी, विसराळू किंवा बेफिकीर ठरवून मोकळे होतो. वास्तविक त्या वेळी ते आपल्याहून दुप्पट लक्ष देत असतात, आणि त्या श्रमानेच थकून गप्प बसतात. कानात घालावयाचे यंत्रही पुष्कळदा सर्वच आवाज वाढविते. हवा तो निवडून देण्याचे काम त्यालाही पुरतेपणी साधलेले नाही, म्हणून यंत्र आणून दिले की आपले कर्तव्य संपले असे होत नाही.

वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. घरातल्या वृद्ध माणसाशी बोलताना त्याच्या समोर या आणि आपला चेहरा उजेडात ठेवा. दूरचित्रवाणी चालू असेल तर आधी ती बंद करा. एका वेळी एकानेच बोला. ओरडू नका, फक्त सावकाश आणि स्पष्ट बोला. उत्तर चुकले तर हसण्याआधी तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा. आणि ‘तुमचे लक्ष नसते’ हे वाक्य मात्र त्यांना कधीही ऐकवू नका.